शून्य लिहा, जागा सोडू नका

बायकांचे निम्मे आयुष्य याद्या करण्यात जाते, असे कोणी म्हटले तर आपल्यापैकी कोणी ते खोडून काढणार नाही. महिन्याच्या किराण्याची यादी, दिवाळीच्या फराळाच्या सामानाची यादी, लग्नात कोणाचा काय अहेर आला त्याची यादी, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला कोणाकोणाला सांगायचे त्याची यादी. या याद्या आपण कशावरही लिहितो. कॅलेंडरच्या पाठीवर, नाहीतर मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानावर. 'साखर' एका टोकाला, 'दोन किलो' दुसऱ्या टोकाला, मध्ये कधी चार बोटे जागा तर कधी मुळीच नाही. पण त्यामुळे वाण्याचे काही अडत नाही. 'शेंगदाणे अर्धा' म्हटले की अर्धा किलो, हे त्याला कळते. वाचणारा माणूस असला की आपल्या मनातले तो ओळखून घेतो.

आता मात्र आपल्या पुष्कळशा याद्या माणसाच्या आधी यंत्र वाचते. यंत्राला मनातले काही कळत नाही, त्याला फक्त पानावरचे दिसते. मी आज ज्या अडचणीविषयी लिहिते आहे ती ऐकायला अगदी किरकोळ वाटेल. दोन शब्दांच्या मध्ये सोडलेली कमीजास्त जागा, एवढीच ती. पण त्या जागेपायी एखाद्या बाईने भरलेला हप्ता न भरलेला ठरतो किंवा एखादीचे नाव यादीतून निसटते, तेव्हा ती किरकोळ राहत नाही.

आमच्या बीड जिल्ह्यात बचत गट गावोगाव पोहोचले आहेत. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे आपले 'माविम', १९७५ सालचे. पुढे 'उमेद' अभियानाने गट, गटांचा ग्रामसंघ, ग्रामसंघांचा प्रभागसंघ अशी उतरंडच लावून दिली. उतरंड म्हटली की वरच्या गाडग्यात काय आहे आणि खालच्यात काय, याचा हिशेब आला. महिना झाला की प्रत्येक गटाची यादी वर जायला हवी. कोणाची बचत किती, दंड किती, कर्जाचा हप्ता किती. ती यादी हवी असते एक्सेलमध्ये, आणि गटाची सचिव ती पाठवते व्हॉट्सअॅपवर. या दोहोंच्या मध्ये कोणीतरी लागते. बीए झालेली, शाळेत अर्धवेळ शिकवणारी आणि एमएस-सीआयटी केलेली बाई गल्लीत असली की ते 'कोणीतरी' कोण, हे सांगायला नको. "मॅडम, तुम्हाला येतंय ना कॉम्प्युटरवर? एवढं टाकून द्या," म्हणून अंबाजोगाईतल्या आणि आसपासच्या गावांतल्या याद्या माझ्याकडे येत राहतात. दुपारी मुले शाळेतून येण्याआधीचा तासभर मी त्यांना देते.

एक्सेल म्हणजे आहे तरी काय? उभ्या-आडव्या रेघांची वही. आपल्या खतावणीसारखीच. फरक इतकाच की बेरीज तीच करते आणि नावे अकारविल्हे लावून देते. अशा प्रकारची पहिली वही, 'व्हिजिकॅल्क' नावाची, डॅन ब्रिकलिन आणि बॉब फ्रँकस्टन या दोघांनी १९७९ साली छोट्या संगणकांसाठी आणली. एक्सेल १९८५ चे. या वहीचा नियम एकच, आणि तो आपल्या मसाल्याच्या डब्यासारखा आहे. मोहरीच्या वाटीत मोहरी, जिऱ्याच्या वाटीत जिरे. एक चमचा जरी इकडचा तिकडे गेला तरी फोडणीची चव बिघडते.

आता व्हॉट्सअॅपवर येणारी ओळ पाहा. सचिव बिचारी फोनवर लिहिताना रकाने सरळ दिसावेत म्हणून नावापुढे मोकळ्या जागेची पट्टी पाच-सहा वेळा दाबते. नाव छोटे असले तर आठ वेळा. तिच्या फोनवर सारे नीटनेटके दिसते. माझ्या फोनवर अक्षरांचा आकार वेगळा, म्हणून तीच ओळ वाकडी-तिकडी. संगणकावर उतरवली की आणखी तिसरीच. शिवाय सगळी ओळ एक्सेलच्या पहिल्याच चौकोनात जाऊन बसते, जणू डब्यातल्या सातही वाट्यांतले जिन्नस एकीत ओतले.

ही ओळ तोडून रकान्यांत बसवायची सोय एक्सेलमध्ये आहे. 'डेटा' या शीर्षकाखाली 'टेक्स्ट टू कॉलम्स' म्हणून बटण आहे, ते दाबले की यंत्र विचारते, कशावरून तोडू? ठरावीक अंतरावर तोडू, की एखादी खूण दिसेल तिथे तोडू?

ठरावीक अंतराची पद्धत जुनी आहे. हर्मन हॉलरिथ यांच्या यंत्रांनी अमेरिकेची १८९० सालची जनगणना भोके पाडलेल्या कार्डांवर मोजली. पुढे अशा कार्डांवर ऐंशी रकाने असत, आणि अमुक रकान्यापासून अमुक रकान्यापर्यंत नाव, त्यापुढे वय, असे बांधून दिलेले असे. इंग्रजी अक्षरांना ते साधते. आपल्या मराठीचे तसे नाही. 'कमल' आणि 'द्रौपदी' ही दोन्ही नावे आपल्या तोंडी तीन-तीन अक्षरांची. पण संगणक काना, मात्रा, वेलांटी, पाय मोडल्याची खूण, सारे वेगवेगळे मोजतो. त्याच्या लेखी कमल तिनाची आणि द्रौपदी साताची! म्हणजे दहाव्या घरावर रेघ मारली की एकीच्या नावापुढे जागा उरते आणि दुसरीच्या आडनावाचा कान कापला जातो. म्हणून मराठी याद्यांना ही पद्धत लावूच नये, असे माझे मत झाले आहे.

दुसरी पद्धत खुणेची. स्वल्पविराम दिसला की तोड, किंवा मोकळी जागा दिसली की तोड. तिथेच 'लागोपाठच्या खुणा एकच समज' अशा अर्थाची एक चौकट असते. तिच्यावर टिचकी मारली की पाच जागा सोडलेल्या असोत की आठ, यंत्र त्यांना एकच धरते. पहिल्यांदा हे पाहिले की वाटते, झाले काम! तसे होत नाही. कारण दोन रकान्यांच्या मधली जागा आणि एकाच माणसाच्या नावातली जागा यांत यंत्राला भेद करता येत नाही.

आमच्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. तालुके अकरा. बीड, गेवराई, माजलगाव, केज, धारूर, वडवणी, पाटोदा, आष्टी ही एका शब्दात बसतात. अंबाजोगाईही एकच शब्द, पण कोणी 'अंबेजोगाई' लिहिते, कोणी मध्ये जागा सोडून 'अंबा जोगाई', आणि म्हाताऱ्या माणसांच्या जुन्या दाखल्यावर निजामाच्या काळातले 'मोमिनाबाद' निघते. परळी वैजनाथ आणि शिरूर कासार तर सरळ दोन शब्दांचे. जागा दिसली की तोडायचे ठरवले तर परळी एका रकान्यात आणि वैजनाथ पुढच्या रकान्यात, जिथे फोन नंबर यायचा तिथे. मग फोन नंबर सरकतो बचतीच्या रकान्यात, आणि अशा एका ओळीपायी गटाची एकूण बचत कित्येक कोटींच्या घरात जाते. ती बघून आमच्या शेजारच्या काकू म्हणाल्या होत्या, "अगं, एवढे असते तर आपण परळीचा कारखानाच घेतला असता!"

हसण्यावारी नेण्यासारखे नसते ते दुसरेच. आधार क्रमांक कार्डावर चार-चार अंकांच्या तीन गटांत छापलेला असतो. बायका कार्ड पाहून तसाच लिहितात. जागेवर तोडले की एका आधारचे तीन तुकडे होतात. मधला तुकडा शून्याने सुरू होत असेल तर यंत्र त्याला साधा आकडा समजून ते शून्य गाळून टाकते. बँकेच्या खाते क्रमांकाच्या सुरुवातीची शून्ये अशीच जातात. पंधराहून जास्त अंकी आकडा असला तर एक्सेल पंधरा अंक धरते आणि पुढच्या अंकांच्या जागी शून्ये ठेवते. अंक कितीही मोठ्या अक्षरांत दाखवला तरी गेलेले परत येत नाहीत. याला उपाय आहे. त्याच बटणाच्या शेवटच्या पायरीवर प्रत्येक रकान्याचा प्रकार विचारतात. आधार, फोन आणि खाते या रकान्यांना 'टेक्स्ट', म्हणजे मजकूर, असे सांगावे. ज्याची बेरीज करायची नाही तो आकडा नव्हे, ते नावच समजावे. तारखेच्या रकान्याला तिथेच दिवस-महिना-वर्ष असा क्रम सांगावा. नाहीतर पाच ऑगस्टची बैठक यंत्र आठ मे ला भरवते.

आणि एक. आपल्याला रकमेपुढे आडवी रेघ मारायची सवय. '२००/-' लिहिले की पुढे कोणी आकडा वाढवू नये, ही वडीलधाऱ्यांची शिकवण. पण यंत्राला ती रेघ दिसली की ते रकमेला मजकूर समजते आणि बेरजेत धरतच नाही. बेरीज कमी का येते म्हणून डोके धरून बसण्याआधी त्या रेघा काढून टाकाव्या.

हे सारे झाले निवडण्या-टिपण्याचे काम. तांदूळ निवडून घेतले की खडा दाताखाली येत नाही, तसेच. खरा पेच पुढे आहे, तो रिकाम्या जागेचा.

समजा, यादीत क्रमाने बचत, दंड आणि हप्ता असे तीन रकाने आहेत. बैठकीला उशीर झाला किंवा गैरहजर राहिले तर दंड. बहुतेक बायकांना तो नसतोच, म्हणून सचिव दंडाची जागा मोकळी सोडते. माणसाने वाचले तर कळते की दंड नाही. यंत्राला आपणच सांगितलेले असते की लागोपाठच्या मोकळ्या जागा एकच समज. तेव्हा दंडाची मोकळी जागा त्यात गुडूप होते आणि पुढचा पाचशेचा हप्ता एक घर अलीकडे सरकून दंडात जाऊन बसतो. म्हणजे जी बाई वेळेवर आली, जिने हप्ता चोख भरला, तिच्या नावावर पाचशे रुपये दंड आणि हप्ता थकलेला! बँक गटाला पुढचे कर्ज देते ते फेडीचा हिशेब पाहून. शेळी घ्यायला, शिलाई यंत्राला किंवा पोरीच्या फीला गटाचे कर्ज मिळवणाऱ्या बाईला ती पत हेच सोने असते. ती मोकळ्या जागेने घालवायची?

म्हणून मी आता सगळ्या सचिवांना एकच सांगते. काही नसेल तिथे जागा सोडू नका, शून्य लिहा. शून्य लिहायला लाजायचे कारण नाही. 'नाही' हेसुद्धा एक उत्तर आहे आणि त्यालाही पानावर घर लागते.

पैशाच्या रकान्यात शून्य लिहिता येते. नावाच्या रकान्यात काय लिहायचे?

गटाच्या यादीत बाईचे नाव तीन घरांत घालायचे असते. तिचे नाव, पतीचे नाव, आडनाव. ही घरे ज्याने आखली त्याच्या डोळ्यांसमोर एकाच तऱ्हेची बाई असणार. प्रत्यक्षात यादी तोडायला घेतली की गावातल्या साऱ्या तऱ्हा पुढे येऊन उभ्या राहतात. एकीने 'सौ.' लिहून पुढे जागा सोडली, म्हणून तिचे नाव झाले 'सौ.' आणि पतीच्या जागी तीच गेली. दुसरीने 'गंगा बाई' तोडून लिहिले. मुसलमान बायकांपैकी पुष्कळजणी आमच्याकडे 'शेख' किंवा 'सय्यद' आधी लिहितात, मग स्वतःचे नाव. त्यांचे आडनाव नावाच्या घरात जाते आणि मग यादीत दहा जणींचे नाव एकच, शेख. शाळेच्या याद्यांत तर आता चौथे घर लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी नोंदीत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव असा क्रम राज्य सरकारने ठरवला. ही मुले अंगणवाडीत येत आहेत, आणि त्यांच्या भावंडांची नावे तीन शब्दांची, यांची चार. जागा पाहून तोडणाऱ्या यंत्राला धाकट्याची आई थोरल्याच्या वडिलांच्या जागी बसलेली दिसणार. आईला पानावर जागा मिळाली याचा आनंद आहेच, पण तो रकानाही आता आपणच आखायला हवा.

'सौ.' आणि 'श्रीमती' यांचे एक सांगते. ही बिरुदे नावापुढे तशीच ठेवून यादी अकारविल्हे लावली की काय होते, ठाऊक आहे? साऱ्या श्रीमती एका बाजूला गोळा होतात आणि साऱ्या सौ. दुसरीकडे. हळदीकुंकवाच्या दिवशी विधवा बायकांना वेगळे बसवायची जी रीत आपण मोडायला निघालो, ती यंत्राने कोणाच्या मनात नसताना पुन्हा मांडून दिली! तेव्हापासून माझ्या याद्यांत बिरुदाला वेगळा रकाना नाही आणि नावापुढे जागाही नाही. बाईचे नाव तेवढे पुरे.

गेल्या वर्षी केज तालुक्यातल्या एका गटाच्या यादीत एका बाईचे दोनच शब्द आले, नाव आणि आडनाव. मधला शब्द नसल्यामुळे आडनाव पतीच्या घरात सरकले आणि आडनावाचे घर रिकामे राहिले. मी फोन केला. म्हटले, "ताई, मधलं नाव राहिलंय." पलीकडून थोडा वेळ काहीच आले नाही. मग ती म्हणाली, "मॅडम, घालावंच लागतंय का? बारा वर्षं झाली सोडून गेला. ल्योक मीच वाढविला, कर्ज मी घेतलं अन् मीच फेडतेय. त्याचं नाव कशाला मधी?" मी विचारले, मग वडिलांचे घालू का? ती म्हणाली, "बापाचं घाला. त्यानं निदान जेवू घातलं."

या एका फोननंतर मी त्या रकान्याचे शीर्षक बदलले. 'पतीचे नाव' खोडून 'मधले नाव' केले. लग्नानंतर नाव बदललेच पाहिजे असा कायदा आपल्याकडे नाही. बाईने स्वतःहून जे सांगितले ते लिहायचे, आणि मधले नाव नकोच असेल तर तिथे एक छोटी आडवी रेघ टाकायची, म्हणजे आडनाव सरकत नाही. आधार किंवा बँकेच्या खात्याशी नाव जुळायला हवे असेल तिथे मात्र कागदावर जसे आहे तसेच घालावे लागते. त्यासाठी मी शेवटी 'आधारवरचे नाव' असा वेगळा रकाना ठेवते. २०२४ साली 'माझी लाडकी बहीण' योजनेचे अर्ज भरताना कितीतरी जणींना पहिल्यांदाच कळले की आधारवर त्या माहेरच्या नावाने आहेत आणि बँकेत सासरच्या. एकच बाई, पण यंत्राला त्या दोन बायका.

मी याला एवढे महत्त्व का देते, ते बीडबाहेरच्या मैत्रिणींना थोडे सांगावे लागेल. आमच्या जिल्ह्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला फार मोठ्या संख्येने माणसे ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. मुकादम त्यांना उचल देतो ती माणशी नव्हे, तर 'कोयत्या'ला. नवरा आणि बायको मिळून एक कोयता. ऊस दोघे तोडतात, मोळ्या दोघे बांधतात, पहाटे उठून भाकरी ती एकटीच करते. पण वहीत ओळ एकच, आणि ती बहुधा त्याच्या नावाची. तिच्या श्रमाला स्वतंत्र ओळ नाही, मग स्वतंत्र रकमेची गोष्टच सोडा. जिथे ओळच नाही तिथे तिचे दुखणे कुठल्या रकान्यात लिहिणार?

ते लिहिले गेले २०१९ साली. ऊसतोड बायकांची गर्भाशये काढल्याच्या बातम्या देशभर गाजल्या, तेव्हा राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यांतल्या १३ हजारांवर बायकांचे गर्भाशय काढलेले निघाले. तोवर हे गावात कोणाला माहीत नव्हते असे थोडेच होते? विहिरीवर, पिठाच्या गिरणीत बायका बोलतच होत्या. पण कोयत्याच्या अर्ध्या भागाला कोणी मोजत नाही. प्रत्येक बाईला एक ओळ दिली, तिच्यापुढे प्रश्न विचारून रकाना भरला, तेव्हा बेरीज झाली, आणि बेरीज झाली तेव्हा दखल घ्यावी लागली. म्हणून ज्या गटात ऊसतोडीच्या बायका आहेत तिथून 'अमका व पत्नी' अशी ओळ आली की मी ती तशी घेत नाही. पत्नीचे नाव विचारते आणि तिच्यासाठी खाली नवी ओळ आखते.

मोकळ्या जागेचा हा पेच आजचाच आहे असेही नाही. आपली जुनी कागदपत्रे मोडीत आहेत. मोडी लिहिणारे आधी ओळभर शिरोरेघ ओढून घेत आणि तिच्याखाली सलग लिहीत जात. शब्द कुठे संपला याची जागा सोडतच नसत. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात, त्यामुळे आमच्याकडे उर्दू आणि मोडी असे दोन्ही कागद. २०२३ साली निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या समितीच्या कामासाठी कुणबी नोंदी शोधायला सुरुवात झाली, तेव्हा मोडी वाचणाऱ्यांना किती मागणी आली होती! मोडीत जागा मुळीच नाही आणि फोनच्या संदेशात हवी त्याहून जास्त. दोन्हीकडे नाव कुठे संपते आणि गाव कुठे सुरू होते, हे त्या माणसांना आणि त्या गावांना ओळखणाराच सांगू शकतो. यंत्र वेगाने तोडील, पण कुठे तोडायचे ते त्याला सांगावे लागते.

आता माझी पद्धत सांगते. ज्यांच्याकडे अशा याद्या येत असतील त्यांना उपयोगी पडेल.

आलेला मूळ संदेश एका पानावर जसाच्या तसा ठेवावा आणि काम दुसऱ्या पानावर करावे. तोडताना उजवीकडच्या रकान्यांतला मजकूर पुसला जाऊ शकतो, म्हणून उजवीकडे रान मोकळे असावे. मग यादीवरून एकदा नजर फिरवावी. बहुतेक सचिव नावातल्या शब्दांत एकच जागा सोडतात आणि रकान्यांच्या मध्ये दोन किंवा जास्त. याचा फायदा घ्यायचा. 'शोधा आणि बदला'च्या खिडकीत वरच्या घरात दोन मोकळ्या जागा टाकायच्या आणि खालच्या घरात एक उभी रेघ. सगळे बदलले की रकान्यांच्या मध्ये उभ्या रेघा येतात आणि नावातली एकेरी जागा शाबूत राहते. आता तोडायची खूण म्हणून मोकळी जागा न देता ही उभी रेघ द्यायची आणि लागोपाठच्या खुणा एकच समजायला सांगायचे. परळी वैजनाथ एकत्र राहते, आधारचे तुकडे होत नाहीत. मात्र काही नसेल तिथे शून्य किंवा आडवी रेघ आधीच भरलेली हवी, हे विसरायचे नाही. शब्दांच्या पुढेमागे एखादी जागा उरलीच तर 'ट्रिम' नावाचे सूत्र आहे, ते कडेच्या जागा झाडून काढते आणि मधल्या जादा जागांची एकच करते. गूगल शीट्समध्येही मजकूर तोडायची आणि जादा जागा काढायची सोय 'डेटा'खालीच सापडते.

एवढे करूनही एखादी जागा हटत नाही. ती दिसायला मोकळी, पण आतून वेगळी असते. संकेतस्थळावरून किंवा पीडीएफवरून उतरवलेल्या मजकुरात ती येते, तांदळातल्या पांढऱ्या खड्यासारखी. तिला ट्रिम काही करत नाही. तीच जागा उचलून शोधायच्या घरात चिकटवावी आणि तिच्या जागी साधी जागा द्यावी, म्हणजे ती जाते.

सगळ्यांत शेवटी मोजणी. संदेशात नावे किती होती आणि पानावर ओळी किती झाल्या? बचतीची बेरीज सचिवाच्या वहीतल्या बेरजेशी जुळते का? वही ही वहीच. तिला फेकून देऊ नये. आणि हो, पूर्ण आधार क्रमांक व्हॉट्सअॅपच्या गटावर कोणी टाकू नये. गरज असेल तर शेवटचे चारच अंक मागवावेत आणि बाकीचे प्रत्यक्ष कार्ड पाहून भरावेत.

यादी तयार झाली की मी ती एकदा सचिवाला फोनवरून मोठ्याने वाचून दाखवते. नाव, मधले नाव, आडनाव, बचत, दंड शून्य, हप्ता पाचशे. ती पलीकडून प्रत्येक नावाला "बरोबर" म्हणत जाते. घरची मंडळी म्हणतात, संगणकावर केलेले पुन्हा तोंडाने कशाला वाचायचे? पण एकेका नावाला "बरोबर" म्हणताना सचिव मध्येच थांबते आणि सांगते, "हिचं मधलं नाव तसंच रेघेचं राहू द्या मॅडम, तिनंच सांगितलंय," किंवा "ही कारखान्यावर गेलीय, पण हप्ता जावेकडं ठेवून गेलीय, पाचशे धरा." हे कुठल्या रकान्यात येत नाही, म्हणून ते विचारायला हवे.